एक दिवस आणखी काढा
नामिबियाच्या किनाऱ्यावर एकच फुटकं जहाज बघता येणार असेल तर कुठलं बघावं, असं विचारलंत. सोपं म्हणाल तर 'झैला'. भंगारात विकलेली ही मासेमारी बोट मुंबईकडे ओढून नेताना दोर सुटला आणि २००८मध्ये ती हेन्टीस बेजवळ रुतली. आता तिच्यावर पाणकावळ्यांची वस्ती आहे.

पण 'एडुअर्ड बोलेन'साठी आणखी एक दिवस काढाच! १९०९मध्ये धुक्यात वाळूवर चढलेलं हे जर्मन जहाज आज किनाऱ्यापासून काहीशे मीटर आत, चक्क वाळवंटात आहे. जहाज जागचं हललं नाही, वाळवंटच समुद्रात सरकत गेलं. तिथे स्वतःची गाडी घेऊन जाता येत नाही, परवानाधारक वाटाड्या लागतो. बेंग्वेला या थंड सागरी प्रवाहामुळे धुकं दाटतं, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. आणि गंजलेल्या पत्र्यांवर कृपा करून चढू नका.