सिग्नलने फक्त रस्ता सांगावा की वेगही?

खारेगावकरीण
परवा संध्याकाळी फास्ट लोकल ठाण्याच्या अलीकडे स्लो ट्रॅकवर घेतली. सांध्यावर (एका रुळावरून दुसऱ्यावर जायच्या जागी) डबा असा हिसकला की दारातल्या चौघींनी एकदम दांडा धरला. मागून कुणीतरी म्हणालं, "मोटरमन नवा दिसतोय." आता नवा असो की जुना, इथे किती वेगाने जायचं हे त्याला सांगतं कोण?

शोधलं तर कळलं, सिग्नल सांगतच नाही! गाडी बाजूच्या मार्गाला जाणार असेल तर सिग्नलवर पाच पांढऱ्या दिव्यांची तिरकी रांग लागते. त्याच्या आधीचा सिग्नल दोन पिवळे दाखवतो. नियमात त्याचा अर्थ असा, की पुढचा सिग्नल ठरवून दिलेल्या मर्यादित वेगाने ओलांडायची तयारी ठेवा. ठरवून दिलेला म्हणजे किती? ते मोटरमनच्या डोक्यात. जर्मनीत सिग्नलवरच आकडा लागतो, ४ दिसला की ताशी ४० किमी. आपल्याकडे का नको? माझ्या मते हवाच.

सांधेवाला_निवृत्त
ताई, सिग्नल खात्यात जन्म गेला म्हणून बोलतो. रस्ता दाखवायचा आणि वेग चालवणाऱ्याने जाणायचा, ही पद्धत ब्रिटिशांकडून आली, पण ती आंधळेपणाने ठेवलेली नाही. सेक्शनचा रस्ता शिकल्याशिवाय मोटरमनच्या हाती एकट्याने गाडी देत नाहीत. 'वन इन एट अँड हाफ'चा (म्हणजे साडेआठास एक फाकणारा) आखूड सांधा ताशी १५ किमीचा, 'वन इन ट्वेल्व्ह'चा लांब सांधा ३० चा, हे त्याला पाठ असतं.

आणि हिसका का बसतो तेही सांगतो. नेहमीच्या वळणावर बाहेरचा रूळ उचललेला असतो, सांध्याच्या वळणावर तो उचलता येत नाही, कारण तिथे सरळ जाणारा रूळही त्याच पातळीत लागतो. त्यात वेग दुप्पट झाला की बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो. तुम्हाला हिसका बसला म्हणजे गाडी जोरात होतीच असं नाही.

घणसोली_लोकल
तुमचं आकड्याचं चालू द्या. तुर्भ्याच्या पुढे एक फाटा सानपाडा-वाशीला, दुसरा जुईनगर-नेरूळला, आणि आमची गाडी तिथे बैलगाडीसारखी रांगते. आकडा लावून गाडी पळणार आहे का? लांब सांधे टाका, मग बोला.

सांधेवाला_निवृत्त
लांब सांध्याला लांब जागा लागते हो. तुर्भ्याला एक वेळ विचार करता येईल. ठाण्यात दोन्ही अंगांनी इमारती आणि पुढे खाडी. तिथे कुठून आणायची?

खारेगावकरीण
काका, पाठ असणं वेगळं आणि नेमक्या क्षणी आठवणं वेगळं. इंग्लंडमधलं बोर्न एंड घ्या, ३० सप्टेंबर १९४५. स्कॉटलंडमधल्या पर्थहून लंडनला येणारी एक्स्प्रेस फास्टवरून स्लो ट्रॅकवर घ्यायची होती. सिग्नलला दोन पिवळे होते, आपल्यासारखेच. सांध्याला मर्यादा ताशी २० मैलांची आणि गाडी ५० च्या आसपास. ४३ माणसं गेली. जुनी गोष्ट म्हणाल, तर पीटरबरो, १७ एप्रिल २०२२. तिथे तिरके दिवेही लागलेले होते. सांधा २५ मैलांचा, गाडी ७६ ने गेली. रुळावरून घसरली नाही हे नशीब. दोन्हीकडे सिग्नल खरं तेच बोलत होता, फक्त अर्धंच.

मुंब्रा_दिवा
ओडिशातला बालासोरचा अपघात विसरलात? तिथेही गाडी भर वेगात लूप लाइनला (स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर) गेली.

सांधेवाला_निवृत्त
ते प्रकरण इथे लावू नका. २ जून २०२३ ला कोरोमंडल एक्स्प्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा होता आणि सांधा लूपला लागलेला. सांधा एकीकडे आणि सिग्नल दुसरीकडे असं होऊच नये म्हणून इंटरलॉकिंग असतं. तिथे सर्किटच्या कामातच चूक झाली होती. खांबावर आकडा असता तरी तोही खोटाच लागला असता.

ताईंना उत्तर. सिग्नलला जास्त बोलकं केलं की काय होतं ते इंग्लंडमधल्या कॉलविचला दिसलं, १९८६ साली. पुढे बाजूचा मार्ग मिळणार हे ड्रायव्हरला आधीच कळावं म्हणून तिकडे लुकलुकणारे पिवळे दिवे आणले होते. ड्रायव्हरने अर्थ काढला की सांधा ओलांडेपर्यंत आपल्याला रस्ता मोकळा आहे. पुढे लाल होता. दोन गाड्या भिडल्या, समोरच्या गाडीचा ड्रायव्हर गेला.

दुसरं म्हणजे, आपल्या पाच दिव्यांपैकी निदान तीन पेटल्याशिवाय बाजूच्या मार्गाचा सिग्नल लालवरून सुटतच नाही. तीन पेटले तरी तिरकी रेघ तिरकीच दिसते. आकड्यातले दोन दिवे गेले तर दुसराच आकडा होईल.

खारेगावकरीण
हे मी कागदावर करून बघितलं. कॅल्क्युलेटरसारखा सात काड्यांचा इंग्रजी आकडा धरा. आठाच्या दोन काड्या गेल्या की तीन होतो. सहाची एक गेली की पाच. सातची वरची गेली की एक. म्हणजे दिवे गेले तर आकडा बहुतेक वेळा खालीच उतरतो, गाडी हळू होते. बिघाड झाला तरी सुरक्षित बाजूला, हेच तर तुमच्या खात्याचं तत्त्व ना?

घणसोली_लोकल
बिघाड नसतानाही आम्ही सुरक्षित बाजूलाच आहोत 😐

सांधेवाला_निवृत्त
आकड्याला माझा विरोध नाही, खांबावरच्या आकड्याला आहे. 'कवच' या आपल्या रेल्वेच्या सुरक्षा यंत्रणेत मोटरमनसमोर केबिनमध्येच वेग दिसतो, आणि लूपला वळताना त्याने गाडी हळू केली नाही तर यंत्रणा स्वतः ब्रेक लावते. खांबावरचा आकडा फक्त सांगेल. पाळला नाही तर काय, हा प्रश्न तुमच्या पीटरबरोत तसाच उरतो.

खारेगावकरीण
ते मान्य. पण ते प्रत्येक लोकलमध्ये बसेपर्यंत खांबावर आकडा लावायला काय हरकत आहे?

सांधेवाला_निवृत्त
तुमच्या काड्या मीही मोडून बघितल्या. शून्याच्या तीन गेल्या की सात होतो. वर चढला की नाही आकडा?

खारेगावकरीण
शंभरच्या आतल्या वेगाला जर्मन शून्य लावतच नाहीत, काका. चाळीसला नुसता चार.