तुर्कस्तानातलं तेर्माल: कोणी गेलंय का? अनुभव लिहा

मृण्मयी_के: भाचीचं तुर्कस्तानचं ठरतंय. इस्तंबूल, कप्पाडोकिया, पामुक्काले, नेहमीचंच. यादी वाचताना मला एकदम तेर्माल आठवलं, यालोवाजवळचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. सासूबाईंचे गुडघे फार धरायचे, म्हणून ह्यांच्या ऑफिसातल्या एका तुर्की बाईंनी सुचवलं होतं. इस्तंबूलच्या येनीकापीहून बोट, सव्वा तासात यालोवा, पुढे दोलमुश (आपलं वडापच).
बघायला फारसं काही नाही, हेच तिथलं सुख. डोंगराच्या घळीत गच्च झाडी, आणि मध्येच कुर्शुनलू हमामचे (तिथलं जुनं स्नानगृह) शिशाने मढवलेले घुमट. बायझंटाइन काळापासून लोक इथे अंग शेकायला येतायत. बायकांच्या हमामात सासूबाई साडी सोडायलाच तयार नव्हत्या. शेवटी पेश्तेमाल (आपल्या पंच्यासारखं) गुंडाळून संगमरवरी ओट्यावर बसल्या. शेजारच्या आजींनी काही न विचारता तांब्याचं पसरट भांडं भरलं आणि त्यांच्या गुडघ्यांवर सावकाश धार धरली. भांडं रिकामं झालं की पुन्हा भरायचं. भाषा शून्य. नंतर बाहेर चहा पिताना दोघी एकमेकींना नातवंडांचे फोटो दाखवत होत्या.
भाचीला सांगितलंय, आईबाबांना नेणार असशील तर पामुक्कालेचा एक दिवस काप, पण इथे मुक्काम कर. जाऊन येऊन करायची ही जागा नाही. तुम्ही गेला असाल तर लिहा, दुसऱ्या कुंडांचंही चालेल.

निशिगंध: पाणी कितपत गरम? आईला बीपी आहे

मृण्मयी_के: @निशिगंध उगमाशी ६० अंशांच्या आसपास, अंघोळीला निववून देतात. तरी आधी डॉक्टरांना विचारा आणि एका वेळी जास्त बसू देऊ नका. बाहेर आल्यावर लगेच उभं राहायचं नाही, भरपूर पाणी प्यायचं.

संगमेश्वरी: आमचं तुरळ-राजवाडी (संगमेश्वरजवळची गरम पाण्याची कुंडं) विसरू नका हं!! माहेर तिकडचंच. थंडीत पहाटे आजी आम्हा सगळ्या पोरांना कुंडावर न्यायची, केसांना गंधकाचा वास दिवसभर. आजी गेली आणि जाणंच सुटलं. सासूबाईंचं वाचून डोळे भरले गं

कातळ: तेर्मालच्या पट्ट्यातूनच उत्तर अनातोलियन भ्रंश (जमिनीतली मोठी भेग) जातो. जमिनीत मुरलेलं पाणी खोलवर तापतं आणि भेगांतून वर येतं. १७ ऑगस्ट १९९९ चा ७.४ चा भूकंप ह्याच भ्रंशावरचा, यालोवात दोन हजारांवर माणसं गेली. मी कामानिमित्त गेलो तेव्हा चहाच्या दुकानात एकाने भिंतीवरचा भावाचा फोटो दाखवला. काय बोलणार, हात धरून बसलो.

संगमेश्वरी: 🙏

बॉस्फरसकाठची: इथेच राहते म्हणून सांगते, शनिवार-रविवार टाळा. इस्तंबूलहून लोटच्या लोट येतात आणि शांतता पार जाते. मंगळवार-बुधवार उत्तम. उघड्यावरच्या तलावात थंडीत जा, डोकं गारठलेलं, अंग उबेत, वर वाफ. अतातुर्कचा (आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक) १९२९ चा बंगला तिथेच आहे, आता संग्रहालय. यालोवात समुद्राकाठी त्यांचंच 'चालणारं घर' आहे, तेही चुकवू नका. चिनाराची फांदी घराला लागायला लागली, माळी तोडायला निघाला. अतातुर्क म्हणाले झाड नाही, घर हलवा. १९३० साली रुळांवर चढवून घर जवळपास ५ मीटर सरकवलं.

वडाचं_पान: झाडासाठी घर!! आमच्या रस्त्यावरचा वड रुंदीकरणात एका सकाळीत गेला. रस्ता अजून तेवढाच आहे.

निशिगंध: आई शुद्ध शाकाहारी. उपाशी राहील का?

बॉस्फरसकाठची: @निशिगंध अजिबात नाही. गोझलेमे सगळीकडे मिळतं, पातळ लाटलेली पोळी, आत पालक नाहीतर पांढरं चीज, तव्यावर भाजलेली. बटाट्याचंही असतं. मसूरडाळीचं सूप मात्र विचारून घ्या, कधीकधी मटणाच्या पाण्यात करतात. सोबत तिखट चटणी न्या, आईंना बरं वाटेल

संगमेश्वरी: गोझलेमेला कणीक चालेल का मैदाच लागतो? मुलीच्या डब्याला करून बघते

बॉस्फरसकाठची: कणीक चालते, पण छान मळून अर्धा तास झाकून ठेव. पालक चिरून मीठ लाव, पाणी पिळून काढ, नाहीतर पोळी फाटते. पनीर किसून घातलंस तरी चालेल.

मृण्मयी_के: @वडाचं_पान वाईट वाटलं वाचून. @कातळ, डिसेंबरात बोटी बंद पडतात का हो? भाची तेव्हाच जातेय.

कातळ: वादळ असेल तर रद्द होतात. त्या दिवशी बसने उस्मानगाझी पुलावरून जायचं, २०१६ पासून तो रस्ता आहे.