डॅशबोर्डवरचा तेलकट चकचकीत थर निघतच नाहीये, काय करू?

वॅगनआरवाली:
नमस्कार मंडळी. बाबांची गाडी मागच्या आठवड्यात सर्व्हिसिंगला दिली होती, परत आली तेव्हा डॅशबोर्ड इतका चमकत होता की बाबा एकदम खूश, मला पण आधी बरंच वाटलं. पण रविवारी साताऱ्याला निघालो आणि खंबाटकी चढताना ऊन समोरून आलं तर काचेत रस्त्यापेक्षा डॅशबोर्डच जास्त दिसायला लागला, पांढरा पडदाच जणू. पुढच्या ट्रकचे ब्रेकलाइट उशिरा दिसले, खरंच घाबरले मी. वरचा छोटा गणपती पण दोनदा खाली आला, डबल टेप धरतच नाही. ओल्या फडक्याने तीनदा पुसलं, थर नुसता इकडचा तिकडे होतो आणि आता त्यावर धूळ बसून राखाडी दिसतंय. कशाने निघेल?

घासूनपुसून:
ताई, टेप धरत नाही म्हणताय म्हणजे हे बहुतेक सिलिकॉनवालं ड्रेसिंग आहे, म्हणजे प्लास्टिकला चमक यावी म्हणून वरून लावतात ते. मी सहा वर्षं डिटेलिंगचं काम करतोय, अशा गाड्या रोज येतात. सिलिकॉन पाण्यात विरघळत नाही म्हणून नुसतं ओलं फडकं काही करत नाही. कोमट पाण्याच्या मगात भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका, मायक्रोफायबर त्यात बुडवून घट्ट पिळा, आणि एका वेळी वहीच्या पानाएवढाच भाग घ्या. डॅशबोर्डच्या बारीक दाण्यांमध्ये थर बसलेला असतो तिथे मऊ ब्रश गोल फिरवा, जोर नको, मग लगेच कोरड्या फडक्याने उचला. उचला म्हणजे फडक्याची बाजू बदलत राहा, नाहीतर काढलेलं तेल परत तिथेच लागतं, सगळ्यांची चूक इथेच होते. शेवटी साध्या पाण्याचं फडकं, साबण राहू द्यायचा नाही.
एवढं करूनही चिकट लागलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, १ भागाला ३-४ भाग पाणी, आधी कुठेतरी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा. काहीही डायरेक्ट फवारू नका, एसीच्या जाळ्या, बटणं, एअरबॅगची फट, सगळीकडे आत जातं. फडक्यावर घ्यायचं. आणि गाडी सावलीत, डॅशबोर्ड गार असताना.

कोल्हापूरकर:
वर सांगितलंय ते बरोबर आहे, फक्त एक सांगतो, कोणी पेट्रोल नाहीतर थिनर म्हणालं तर ऐकू नका. आमच्या मामांनी पेट्रोलने पुसलं, चमक गेली पण प्लास्टिकवर पांढरट डाग पडले ते आजतागायत आहेत, आणि बंद गाडीत ती वाफ म्हणजे आगीला आमंत्रण. नेलपेंट रिमूव्हर पण नाही. स्पीडोमीटरवरच्या पारदर्शक प्लास्टिकला आणि टचस्क्रीनला अल्कोहोल लावू नका, तिथे जरासं ओलं मऊ फडकं पुरे.

रात्रपाळी:
काच विसरू नका! उन्हात त्या ड्रेसिंगची वाफ काचेवर आतून बसते, रात्री समोरच्या हेडलाइटने सगळं धुरकट दिसतं. डॅशबोर्ड आधी, काच नंतर, आणि काचेला वेगळं फडकं. तोपर्यंत दिवसा चालवायचीच असेल तर पोलराइज्ड गॉगल घाला, काचेतलं प्रतिबिंब बऱ्यापैकी कमी होतं. रात्री मात्र नको.

वॅगनआरवाली:
खूप आभार सगळ्यांचे. काल संध्याकाळी बसले, साबणपाण्याच्या दोन फेऱ्या आणि मग अल्कोहोलची एक, पहिली दोन फडकी पिवळट काळी झाली, चौथं जवळजवळ स्वच्छ निघालं. हात फिरवला तर आता कोरडं, खरखरीत लागतंय, नवीन गाडीसारखं. बाबा म्हणाले चमक गेली की गं, मी त्यांना दुपारी उन्हात ड्रायव्हिंग सीटवर बसवलं, काचेतून बघा म्हटलं, मग काही बोलले नाहीत. पुढच्या सर्व्हिसिंगच्या जॉबकार्डवर त्यांनीच लिहायला सांगितलंय, आतून काही लावू नका. गणपती बसला नीट. काचेचा खालचा डॅशबोर्डला चिकटून असलेला पट्टा राहिलाय, हात पोचत नाही तिथे, फुटपट्टीला फडकं गुंडाळून आज करते.