मनात राहिलेली दाद

खिडकीतली: काल मंडईत भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, "ताई, तुम्ही भेंडीची टोकं मोडून बघत नाही, म्हणून तुमच्यासाठी कोवळी बाजूला ठेवते." दिवसभर मी हवेत! मग आजेसासूबाई आठवल्या. माझ्या पहिल्या पुरणपोळीला त्या "बरी झालीय" एवढंच म्हणाल्या. मी खट्टू. नणंद कानात म्हणाली, "अगं, आईला अजून 'बरी' मिळालेली नाही!"
तुमच्या मनात राहिलेली दाद कोणती? लिहा.

झोपाळा: बाबा. "मीठ बेताचं पडलंय." संपला सत्कार.

रांगडा गडी: पुण्याचे दिसताय 😄 आमच्या कोल्हापुरात आधी शिवी, मग "नादखुळा केलायस". शिवी आली नाही तर समजायचं, रस्सा बिघडला.

चहाबाज: टायफॉइडमधून उठले होते. लिफ्टमध्ये शेजारीण, "अय्या, किती बारीक झालीस! काय करतेस?" म्हटलं, सलाईन.

धाधिंना: तबल्याचे गुरुजी तोंडावर कधीच बोलले नाहीत. शिष्याचं डोकं फिरतं म्हणे. एकदा दाराशी चपला काढताना आतून ऐकू आलं, कुणाला तरी सांगत होते, "त्याचं तिरकिट ऐका. स्वच्छ." चपला परत घातल्या, चौकात एक फेरी मारली, मग आत गेलो. तेच गुरुजी सवाईला मात्र तिहाई समेवर आली की शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारणार, ओळख असो नसो.

झोपाळा: सवाई 1953 पासूनचं ना? तिथे वन्स मोअर देत का?

धाधिंना: छे, ते संगीत नाटकात. एकेका पदाला इतके वन्स मोअर की नाटक संपेपर्यंत पहाट.

चहाबाज: आमचे हे जेवून उठताना रोज "अन्नदाता सुखी भव" म्हणतात. भरून यायचं. परवा बाहेरून मागवलेल्या बिर्याणीलाही म्हणाले.

रांगडा गडी: 😂😂 वहिनी, शिवी शिकवा त्यांना.

लाजाळू: साडी छान म्हटलं की "अगं, जुनीच आहे" का निघतं तोंडातून? मी हल्ली नुसतं "थँक्यू" म्हणते. समोरचीच गडबडते.

झोपाळा: खिडकीतली, विषयांतर. माझं पुरण पोळीतून बाहेर येतं. चुकतं कुठे?

खिडकीतली: कणीक घट्ट होत असेल. सैल भिजव, तेल लावून भरपूर मळ, तासदोन तास झाकून ठेव. आणि पुरण गरम असतानाच वाट. कुकरची शिट्टी झाली, येते नंतर.