हुल्लडबाज, राडा, चेंगराचेंगरी: स्टँडातल्या माणसाला म्हणायचं काय?

गोलमागचा

‘हूलिगन’ला मराठी क्रीडापानांवर ठरलेला शब्द म्हणजे ‘हुल्लडबाज’. पण हा शब्द किती पातळ झालाय बघा. भुशी धरणावर दारू पिऊन नाचणारे हुल्लडबाज, थर्टीफर्स्टला सायलेन्सर काढून गाड्या पळवणारे हुल्लडबाज, आणि २९ मे १९८५ ला ब्रसेल्सच्या हायसेल स्टेडियमवर फुटबॉल सामन्याला आलेल्या, इटलीच्या युव्हेंटस संघाच्या प्रेक्षकांवर चाल करून गेलेले लिव्हरपूलवालेही हुल्लडबाजच. तिथे मागे हटणारे लोक भिंतीशी दाबले गेले, भिंत कोसळली, ३९ जण गेले. मी स्वतः लिव्हरपूलचा चाहता, तरी म्हणतो की त्या लोकांना हुल्लडबाज म्हणणं म्हणजे त्यांना सोडून देणं आहे.

उलट इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियमवरच्या १९८९ च्या दुर्घटनेला हाच शब्द लावणं म्हणजे निव्वळ अन्याय. अजूनही कुठे कुठे ‘प्रेक्षकांच्या हुल्लडबाजीत ९६ ठार’ असं वाचायला मिळतं. आकडाही आता ९७ आहे. दोन्हींसाठी वेगळे शब्द सुचवा.

पेठकर

आमच्या कोल्हापुरात ‘राडा’. मूळ अर्थ चिखल, घाण, पसारा. राडारोडा म्हणतो तो राडा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली मॅच असली की पोलीस आधीच स्टँडात उभे असतात. पण त्याच्याही आधीचा शब्द आहे ‘ईर्षा’. पुण्याकडं ईर्षा म्हणजे मत्सर. आमच्याकडं ‘पोरं ईर्षेनं खेळली’ हे कौतुक आहे ओ! ‘टोकाची ईर्षा’ म्हटलं की मात्र समजायचं, दगड हातात आलाय. संघ तालमींचे, तालीम पेठेची, त्यामुळं हरणारा नुसता संघ नसतोय, सगळी गल्ली हरतीय.

हायसेलला राडा म्हणू नका. राड्यात दोन्हीकडचे असतात. तिथं एक बाजू चाल करून आली. सरळ ‘हल्ला’ म्हणा.

अनुस्वार

हिल्सबरोला आपण ‘चेंगराचेंगरी’ म्हणतो, त्याबद्दल माझी तक्रार आहे. मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी, चेंगराचेंगरी. या घडणीतच ‘एकमेकांनी एकमेकांना’ आलं. म्हणजे चेंगरणारे प्रेक्षक आणि चेंगरले जाणारेही प्रेक्षक. बाहेरचा कोणी दोषी उरतच नाही.

प्रत्यक्षात काय झालं? १५ एप्रिल १९८९, शेफिल्ड, एफए कपची उपांत्य फेरी, लिव्हरपूल–नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लेपिंग्ज लेनच्या अरुंद दारांबाहेर गर्दी तुंबली म्हणून पोलिसांनी ‘सी’ फाटक उघडायला लावलं. आत आलेल्यांसमोर बोगदा, आणि बोगद्यापलीकडे गोलमागचे दोन कठडेबंद कप्पे, आधीच भरलेले. बोगदा बंद करून लोकांना बाजूच्या कप्प्यांकडे वळवायला हवं होतं, ते कोणी केलं नाही. पुढे जाळी. मागून येणाऱ्याला पुढे काय चाललंय ते दिसत नव्हतं. सामना ३ वाजून ६ मिनिटांनी थांबला. दोष आधी दारुड्या प्रेक्षकांवर ढकलला गेला. २०१६ मध्ये ज्यूरीने म्हटलं की हे मृत्यू बेकायदेशीररीत्या घडवलेले आहेत आणि प्रेक्षकांचा दोष नाही. सत्तावीस वर्षं लागली.

म्हणून ‘चेंगराचेंगरीत ठार’ नको, ‘चिरडले गेले’ हवं. कर्मणी प्रयोग आला की कर्ता कोण हे विचारावं तरी लागतं.

धावपट्टी

घडणीचा मुद्दा अर्धाच पटतो. पळापळ, धावाधाव, शोधाशोध यांत कोण कोणाला पळवतं? ही घडण नुसती धांदल दाखवते, परस्परभाव प्रत्येक वेळी नसतो. शिवाय २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर माणसं गेली, तेव्हा सगळ्यांनी चेंगराचेंगरीच म्हटलं, पण म्हणून कोणी प्रवाशांना दोष दिला नाही. राग रेल्वेवरच निघाला.

अनुस्वार

शोधाशोध मान्य. एल्फिन्स्टनबद्दलही खरं आहे, पण तिथे वाचणारा स्वतः लोकलने जाणारा होता, त्याला पूल माहीत होता. शेफिल्डचा बोगदा त्याला माहीत नाही, मग तो शब्दावरच विसंबतो. आणि वाचक फुटबॉलचा प्रेक्षक म्हटला की आधीच भुवया वर करतो.

गोलमागचा

हल्ला, राडा, चिरडले गेले. माझं काम झालं. कोलकात्याला १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल–मोहन बागान सामन्यात १६ जण गेले, तिथे मात्र दोन्ही होतं. मैदानात खेळाडू भिडले, स्टँडात लोक भिडले, मग पळताना माणसं पायाखाली आली. तिथे एका शब्दात मावत नाही, वाक्यच लिहावं लागेल.

आता डावपेचांचं बोला. ‘पार्क द बस’, म्हणजे सगळा संघ गोलसमोर उभा करून नुसता बचाव करणं, याला ‘बस लावणे’ चालेल?

पेठकर

चालतंय की. चेल्सीचा प्रशिक्षक मोरिन्योनं २००४ मध्ये टॉटनहॅमला टोमणा मारला तेव्हापासनं सगळे बसच लावत्यात. डाव आणि पेच दोन्ही कुस्तीतले, तालमीच्या फुटबॉलला त्याहून शोभणारा शब्द नाही. ‘रणनीती’ कशाला आणता?

धावपट्टी

बचावाची इटालियन पद्धत ‘कातेनाच्चो’, शब्दशः दाराची कडी. प्रशिक्षक हेलेनियो हेरेराचं इंटर मिलान १९६४ आणि १९६५ ला त्यावरच युरोपियन कप जिंकलं. बचावफळीच्या मागे एक मोकळा खेळाडू, सुटलेलं सगळं अडवणारा. वाड्याच्या दारामागे आडवा सरकवायचा तो ‘अडसर’. इतका नेमका शब्द घरात असताना ‘अतिबचावात्मक’ कशाला?

आणि मैदानावर खेळाडू उभे करायच्या ‘डायमंड’ रचनेचा ‘हिरा’ करू नका, हात जोडतो. १३ जुलै १९९७, कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, फेडरेशन कपची उपांत्य फेरी, सव्वा लाखाच्या वर प्रेक्षक. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्ता डायमंडवर फिदा, समोर पी. के. बॅनर्जींचं ईस्ट बंगाल. ईस्ट बंगालच्या भुतियाची हॅटट्रिक, मोहन बागान ४-१ ने हरलं. एका बातमीत ‘हिरा फुटला’ वाचून मला चहा सांडायची वेळ आली. पत्त्यांतली ‘चौकट’ आहे ना आपल्याकडे!

अनुस्वार

चौकट छान, पण ‘चौकटीतून गोल’ वाचलं की निम्मे लोक गोलपोस्टच समजणार.