कॅमेऱ्याने पास केलेला लॉट परत आला. झालेल्या चुकीची नोंद कशी ठेवावी?

शिरोलीकर:
शिरोली एमआयडीसीतील एका फौंड्रीत मी गुणवत्ता विभाग पाहतो. कास्टिंगमधील (साच्यात ओतून घडवलेल्या धातूच्या भागांतील) ब्लोहोल, म्हणजे अडकलेल्या वायूमुळे राहिलेली छिद्रे, ओळखण्यासाठी आम्ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा कॅमेरा बसवला आहे. गेल्या महिन्यात त्याने पास केलेला एक लॉट ग्राहकाकडून परत आला. ब्लास्टिंगचे शॉट, म्हणजे पृष्ठभाग साफ करण्यासाठी त्यावर वेगाने मारले जाणारे धातूचे बारीक गोळे, बदलल्यामुळे पृष्ठभाग जास्त चकाकू लागला होता आणि त्या चकाकीत टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रे कॅमेऱ्याला दिसतच नव्हती, असे नंतर लक्षात आले. मेमो मात्र रात्रपाळीच्या तपासनिसाला मिळाला. अशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून नेमके काय करावे?

जुना_निरीक्षक:
आधी तो मेमो मागे घ्यायला लावा. नाहीतर पुढची चूक तुमच्यापर्यंत पोहोचणारच नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत टेम्पी येथे उबरच्या स्वयंचलित चाचणी गाडीने सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेला धडक दिली आणि तिचा मृत्यू झाला. गाडीतील चालक मोबाईल पाहत होती, हे खरेच. पण तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाची चौकशी तिच्यापाशी थांबली नाही. गाडीला ती महिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती, मात्र प्रणाली तिला कधी वाहन तर कधी सायकल ठरवत राहिली, कारण झेब्रा क्रॉसिंग सोडून कोणी रस्ता ओलांडेल हे प्रणालीच्या रचनेत धरलेलेच नव्हते. कंपनीच्या सुरक्षा व्यवस्थेतील उणिवाही मंडळाने नोंदवल्या. तुमचे शॉट बदलले, हे कॅमेऱ्याच्या पुरवठादाराला कोणी कळवले होते का?

गुळवाला:
हे सारे मोठ्या कंपन्यांना परवडते, साहेब. चाळीस माणसांच्या कारखान्यात चौकशी मंडळ कुठून आणायचे?

जुना_निरीक्षक:
मंडळ नको, एक वही पुरे. अमेरिकेतील वैमानिक १९७६ पासून नासाकडे आपल्या चुका कळवतात; अहवाल पुढे जाण्यापूर्वी कळवणाऱ्याची ओळख काढून टाकली जाते, म्हणूनच माणसे लिहितात. त्या दिवशी काय बदलले होते, यंत्राने काय सांगितले, प्रत्यक्षात काय निघाले आणि लॉट थांबवण्याचा अधिकार कोणाकडे होता, एवढे लिहा. मटेरियल, दिवे किंवा ब्लास्टिंग बदलले की जुने सदोष नमुने कॅमेऱ्यासमोर पुन्हा फिरवून पाहावेत, हेही त्याच वहीत येऊ द्या.

शिरोलीकर:
पुरवठादाराला कळवले नव्हते. काल तपासनिसाशी शांतपणे बोललो. चकाकी त्याला पहिल्याच रात्री खटकली होती, पण लाइन थांबवायला सुपरवायझरचा पासवर्ड लागतो आणि सुपरवायझर रात्री नसतात. वहीतली पहिली नोंद हीच केली आहे. मेमोबद्दल मालकांशी सोमवारी बोलणार आहे.