मदत हवी आहे: हौशी हार्नेस ड्रायव्हरवर चुकीच्या डावपेचांचा आरोप, सुनावणीत काय मांडावं?

कँटरबरीची_केतकी

नमस्कार मंडळी. प्रश्न आडवाटेचा आहे, पण इथे कायद्याची आणि घोड्यांची दोन्ही माहिती असलेले लोक आहेत, म्हणून विचारते.

आम्ही न्यूझीलंडला साउथ आयलंडमध्ये असतो. नवरा आठवडाभर पुलांचे आराखडे तपासतो आणि सुट्टीच्या दिवशी एका तबेल्यात असतो. इथलं हार्नेस रेसिंग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: घोड्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. मागे दोन चाकांची हलकी गाडी, सल्की, तिच्यावर ड्रायव्हर. चौखूर धावायला बंदी. घोड्याने चाल मोडली तर त्याला आवरून पुन्हा चालीत आणायचं, त्यात जागा गेली तर गेली. व्यावसायिक ड्रायव्हरांबरोबर हौशींसाठीही परवाना असतो आणि फक्त हौशींच्या शर्यती होतात. हौशींना मानधन नाही. लोक मात्र त्यांच्या शर्यतींवरही पैसे लावतात, आणि घोळ इथेच आहे.

परवाच्या शर्यतीत त्याच्याकडे असलेल्या घोड्यावर बऱ्यापैकी पैसा लागला होता. २६०० मीटर, मोबाईल स्टार्ट, म्हणजे पुढे गाडीवर बसवलेलं फाटक चालत असतं आणि घोडे त्याच्यामागून वेग घेत सुटतात. याला दुसरी रांग मिळाली. सुरुवात अगदी संथ झाली. शेवटून साधारण १५०० मीटर असताना हा बाहेरून पुढे निघाला. आघाडीच्या घोड्याने वाट दिली नाही, त्याच्या बाजूला आणखी एक होताच, त्यामुळे हा तिसऱ्या ओळीत, पुढे कोणाचा आडोसा नाही अशा अवस्थेत जवळजवळ एक फेरी पळत राहिला. मधे एकदा दुसऱ्या ओळीत, बाजूच्या घोड्याच्या मागे, जागा झाली होती. तिथे तो गेला नाही. शेवटच्या वळणावर घोड्यातला जीव संपला आणि शेवटून दुसरा आला.

स्टुअर्डांनी, म्हणजे शर्यतीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, फिल्म दाखवून खुलासा मागितला आणि नंतर नियम ८६८(२) खाली आरोप ठेवला. त्याचं म्हणणं असं: शर्यत संथ होती, मागे बसून राहिलो असतो तर संपलंच होतं. ट्रेनरनेही "आत अडकू नकोस" असं बजावलं होतं. आणि घोडा लगाम ओढणारा आहे, त्या वेगात त्याला मागे खेचला असता तर चाल मोडून मागच्यांच्या अंगावर गेला असता.

मला हे कळत नाही की हौशी माणसाला व्यावसायिकाच्याच मापाने मोजतात का? अनुभव कमी आहे हे सांगितलं तर उपयोग होतो की उलट अंगाशी येतं? आरोप मान्य करावा की लढावं? आणि बंदी आली तर वर्षभर घरी बसायचं का? हौशींच्या शर्यती मुळात मोजक्या असतात.

शिवाय कोल्हापूरहून सासऱ्यांचा फोन येऊन गेला. त्यांच्या मते "घोडा ओढला" असा आरोप म्हणजे घराण्याची अब्रू गेली. त्यांना काय समजावू तेही सांगा.

सदाशिव_पेठी

एवढ्या लांब जाऊन घोड्यांचा जुगार? पुलांचं काम बरं चाललंय ना?

कँटरबरीची_केतकी

पूल सगळे जागेवर आहेत, काका. तो पैसे लावत नाही, गाडी हाकतो. तेही फुकट.

रेसकोर्सचा_बंड्या

महालक्ष्मीला आणि पुण्याच्या पावसाळी सीझनला आयुष्य घालवलेला माणूस म्हणून दोन शब्द. वहिनी, सासऱ्यांना आधी हे सांगा की घोडा ओढणं म्हणजे जिंकू नये म्हणून मुद्दाम आवरणं. तुमच्या यजमानांनी उलटंच केलंय, घोडा लवकर आणि जास्त पळवला. ओढणाऱ्याचा घोडा शर्यत संपत आल्यावर ताजातवाना असतो, तुमचा शेवटच्या वळणावर रिकामा झाला होता. आमच्या स्टँडात अशा राइडला ज्या शिव्या मिळतात त्या इथे लिहिता येणार नाहीत, पण त्या मूर्खपणाच्या असतात, बेईमानीच्या नसतात.

(पुढचं कायद्याचं मला कळत नाही. यारावाले वकीलसाहेब येतीलच.)

यारा_काठचा

आलो. मी मेलबर्नला असतो, खेळांच्या शिस्तभंगाची प्रकरणं पाहतो. हा सल्ला सर्वसाधारण समजा, कागद पाहिल्याशिवाय नेमकं सांगता येत नाही.

बंड्यांनी जो फरक सांगितला तो तुमच्या नियमांत लिहिलेलाच आहे. न्यूझीलंडच्या हार्नेस नियमांमध्ये मुद्दाम घोडा न जिंकवणं हा वेगळा आणि फार गंभीर गुन्हा आहे. ८६८(२) तसा नाही. त्यात ड्रायव्हरवर एक कर्तव्य टाकलंय: घोड्याला जिंकण्याची किंवा शक्य तितकी वरची जागा मिळवण्याची पूर्ण संधी मिळावी म्हणून शर्यतभर सगळे वाजवी आणि परवानगी असलेले उपाय करायचे. हेतू सिद्ध करावा लागत नाही. म्हणूनच प्रामाणिक माणूसही त्यात सापडतो. दुसऱ्याच्या घोड्याला अडथळा झाला तर बेपर्वाईचा नियम लागतो, ८६९ वाला. तो तुम्हाला लावलेला नाही ही चांगली गोष्ट आहे.

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात जवळपास हेच शब्द नियम १४९ मध्ये आहेत. तिथल्या अपिलांमध्ये न्यायाधीश गोरान यांचं विवेचन वर्षानुवर्षं उद्धृत होतं. सार असं की नुसती अंदाजाची चूक शिक्षेला पात्र नाही. ज्या क्षणी निर्णय घेतला त्या क्षणी समोर काय पर्याय होते ते पाहायचं, आणि त्यातून केलेली निवड दोष द्यावा इतकी वाईट होती का ते ठरवायचं. शर्यत संपल्यावर फिल्म थांबवून थांबवून शहाणपण शिकवणं सोपं असतं, हे समित्यांनाही कळतं.

आता हौशी असण्याबद्दल. "मी शनिवार-रविवारचा ड्रायव्हर आहे" हा बचाव म्हणून चालणार नाही, आणि मला विचाराल तर चालूही नये. ज्याने तिकीट घेतलं त्याचे पैसे हौशी नाहीत. मालकाने वर्षभर भरलेला खुराकाचा खर्चही हौशी नाही. परवाना घेतला की नियम तोच. अनुभवाचा मुद्दा शिक्षा ठरवताना मांडायचा, दोष ठरवताना नाही. या दोन टप्प्यांची सरमिसळ झाली की ऐकणाऱ्याला वाटतं, माणसाकडे खरं उत्तर नाही.

ट्रेनरच्या सूचनेचंही तसंच. "आत अडकू नकोस" याचा अर्थ "एक फेरी तिसऱ्या ओळीत पळ" असा होत नाही. सूचना शर्यतीआधी दिलेली असते, परिस्थिती शर्यतीत बदलते, आणि लगाम ट्रेनरच्या हातात नसतो.

गणिती_गोदा

मला घोड्यांतलं काही कळत नाही, पण तिसऱ्या ओळीचा हिशोब कोणी केला का? दोन ओळींत दोन मीटर अंतर धरलं तर ट्रॅक लहान असो की मोठा, एका पूर्ण फेरीत एक ओळ बाहेर पळणाऱ्याला २ × ३.१४ × २, म्हणजे साडेबारा मीटर जास्त पडतात. तिसरी ओळ म्हणजे आतल्या रेलजवळच्या घोड्यापेक्षा २५ मीटर. मैलाला दोन मिनिटं हा वेग धरला तर सेकंदाला सुमारे १३.४ मीटर. म्हणजे जवळजवळ दोन सेकंदांचं नुकसान, तेही वारा तोंडावर घेऊन.

यारा_काठचा

गोदाताई, हिशोब बरोबर, पण समिती तुलना रेलजवळच्या घोड्याशी करणार नाही. तिथे जागाच नव्हती. तुलना त्या एका मोकळ्या जागेशी होईल, दुसऱ्या ओळीत बाजूच्या घोड्यामागे. तिथे गेले असते तर फेरीला साडेबारा मीटर वाचले असते, म्हणजे एका सेकंदापेक्षा थोडं कमी, आणि वरून आडोसा. केतकीताई, तुमचं सगळं प्रकरण त्या एका जागेवर उभं आहे. १५०० मीटरला बाहेर का निघाला याचं उत्तर संथ वेग हे आहे, आणि ते चांगलं उत्तर आहे. न निघता मागे बसून राहिला असता तर कदाचित त्याचाही जाब विचारला गेला असता. पण जागा झाली तेव्हा आत का आला नाही, याचं उत्तर संथ वेग हे होऊ शकत नाही.

तिथे कामाचा मुद्दा एकच आहे, घोडा लगाम ओढतो हा. तो खरा असेल तर दाखवता आला पाहिजे.

वायकाटोचा_विन्या

मी नॉर्थ आयलंडला हौशी परवान्यावर चालवतो. केतकीताई, आधी एक सांगतो, तुमच्या नवऱ्यासारखं बाहेर अडकून पडणं आम्हा सगळ्यांना माहीत आहे. व्यावसायिक ड्रायव्हर शेजारच्याचे हात बघून ओळखतो की तो जागा देणार की नाही. आम्हाला ते सराव नसल्याने उशिरा कळतं, आणि हौशींच्या शर्यतीत शेजारचाही हौशी असतो, त्यामुळे तो काय करेल हे त्यालाच माहीत नसतं. वर मी ऑकलंडला अलेक्झांड्रा पार्कवर गेलो की सगळं उलटं. तिथे उजवीकडे वळत धावतात आणि तुमच्या क्राइस्टचर्चच्या अ‍ॅडिंग्टनला डावीकडे.

लगाम ओढण्याबद्दल: फिल्म वेगवेगळ्या कोनांतून असते, सगळे कोन मागा. घोडा डोकं वर फेकतोय का, तोंड उघडतोय का, ड्रायव्हर मागे झुकून लगाम धरतोय का, हे समोरच्या कोनात दिसतं. या घोड्याच्या आधीच्या शर्यतींचे स्टुअर्डांचे अहवाल काढा. "जोरात ओढत होता" किंवा "चाल मोडली" अशी नोंद असते, ती असेल तर सोन्यासारखी. ट्रेनरकडून लेखी घ्या, पण सूचनेबद्दल नाही, घोड्याच्या स्वभावाबद्दल. आणि फिल्ममध्ये घोडा त्या क्षणी निवांत, लगाम सैल असा दिसत असेल तर हा मुद्दा मांडूच नका. फिल्मशी भांडून कोणी जिंकत नाही.

कार्यपद्धती: २०२१ पासून इथे रेसिंग इंटिग्रिटी बोर्ड आहे. आरोप स्टुअर्ड आणतात, निर्णय त्यांच्यापेक्षा वेगळी समिती देते. शंकेपलीकडे सिद्ध व्हावं असं नसतं, कुठली बाजू जास्त संभवनीय ते पाहतात. निर्णय त्यांच्या वेबसाइटवर कोणालाही वाचता येतात. आज रात्री बसून ८६८(२) चे हौशींविरुद्धचे निर्णय वाचा. कुठले युक्तिवाद ऐकले गेले आणि कुठले पहिल्या परिच्छेदात गळून पडले ते आमच्यापेक्षा तिथे जास्त कळेल.

बंदीची भीती रास्त आहे. व्यावसायिकाला आठवडाभराची बंदी म्हणजे कित्येक घोडे हातचे जाणं, हौशीला आठवडाभर म्हणजे काहीच नाही. म्हणून तो किती वेळा चालवतो हे समितीला विचारात घ्यावं लागतं. नाहीतर एक तर शिक्षा पोकळ होते, नाहीतर दोन-तीन शर्यतींची भरपाई करायला महिनोन्महिने जातात. त्याने मागच्या वर्षी कुठे कधी चालवलं आणि पुढच्या हौशी शर्यती कधी आहेत याचा एक कागद तयार ठेवा. बंदीऐवजी दंड, किंवा थोडी बंदी थोडा दंड, अशी विनंती करता येते. नोकरी करणाऱ्या माणसाला दंड परवडतो, ट्रॅकपासून लांब राहणं जड जातं. हे मी स्वतःपुरतं सांगतोय.

सदाशिव_पेठी

म्हणजे फुकट गाडी हाकायची आणि वर दंडही भरायचा. छान छंद आहे.

रेसकोर्सचा_बंड्या

काका, तुम्ही गिर्यारोहणाच्या धाग्यावरही हेच लिहिलं होतं.

कँटरबरीची_केतकी

सगळ्यांचे आभार. काल रात्री आम्ही दोघांनी फिल्म परत परत पाहिली. जागा झाली तेव्हा घोडा ओढत होता हे दिसतंय, पण थोडा वेळच. नंतर तो शांत होतो आणि जागा अजून तशीच असते. तो स्वतःच म्हणाला की पहिल्या भागाचं उत्तर माझ्याकडे आहे, दुसऱ्याचं नाही. आघाडीचा घोडा कधीतरी थकेल या आशेवर तो बाहेर थांबला होता.

अशा वेळी मान्य करायचं की अर्धं मान्य करता येतं?

यारा_काठचा

आरोप अर्धा मान्य करता येत नाही, पण आरोपाचा तपशील अर्धा होऊ शकतो. तुमच्या सूचनापत्रात नेमकं काय लिहिलंय ते पाहा. "१५०० मीटरपासून पुढे अवाजवी चालवणं" असं सरसकट असेल तर स्टुअर्डांशी आधीच बोला. बाहेर निघण्याचा निर्णय वगळून फक्त जागा न घेण्यापुरता आरोप ठेवला तर तो मान्य करतो, असं सांगता येतं. ते तयार झाले तर सुनावणी छोटी होते आणि दोषही लहान ठरतो. तयार झाले नाहीत तरी मान्य करून शिक्षेच्या टप्प्यावर हाच भेद मांडा. घोडा ओढत होता तो काळ आणि शांत झाल्यानंतरचा काळ वेगळे करून सांगितलेत तर समितीला दिसेल की माणसाने फिल्म प्रामाणिकपणे पाहिली आहे. लवकर दिलेली कबुली आणि आधीची स्वच्छ नोंद, दोन्ही शिक्षा कमी करायला धरतात.

आणि त्याला स्वतः बोलू द्या. सोबत मदतनीस नेता येतो, पण घोड्यामागे कोण बसलं होतं ते समितीला त्याच्याच तोंडून ऐकायचं असतं.

वायकाटोचा_विन्या

अजून एक. निकाल लागेपर्यंत चालवता येतं का आणि बंदी लागलीच तर ती कुठल्या तारखेपासून सुरू होईल, हे सुनावणीतच विचारा. आधी कबूल केलेल्या शर्यती असतील तर बंदी त्यानंतर सुरू करावी अशी विनंती करता येते, पण ती आपण होऊन करावी लागते.

कँटरबरीची_केतकी

केली नोंद. स्टुअर्डांना ईमेल आत्ताच पाठवलाय, यारावाल्यांनी सांगितलं तसा तपशिलाबद्दल. आधीच्या शर्यतींचे दोन अहवाल सापडले, एकात "जोरात ओढत होता" असं चक्क लिहिलंय. ट्रेनर स्वभावाचं पत्र द्यायला तयार आहे. सासऱ्यांना बंड्यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, "मग एवढा लवकर सुटलाच कशाला?" आता तेही स्टुअर्ड झालेत.